चिमणी नसलेल्या कंपनीचा धूर

पानवठा

मी एका सल्लागार कंपनीत काम करते. ऑडिट, करविषयक कामं, व्यवस्थापनाचे प्रकल्प असा आमचा व्यवसाय. कारखाना नाही, बॉयलर नाही, मालाचे ट्रक नाहीत. त्यामुळे पर्यावरणाचा अहवाल करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा सगळ्यांचा समज होता, आणि माझाही होता, की आपल्याकडे मोजण्यासारखं फारसं काही निघणार नाही. दिवे एलईडी करून झाले होते, छपाई पाठपोट होत होती, कागदी कप बंद झाले होते. मला वाटलं, आणखी काय असणार?

हिशेब जीएचजी प्रोटोकॉलप्रमाणे, म्हणजे हरितगृह वायू मोजायच्या पद्धतीप्रमाणे मांडला. ही पद्धत २००१ साली आली आणि आज जगभरातल्या कंपन्या उत्सर्जन मोजायला तीच वापरतात. तिच्यात तीन खाती आहेत, त्यांना स्कोप म्हणतात. स्कोप १ म्हणजे आपण स्वतः जाळलेलं इंधन आणि आपल्या यंत्रांतून सुटलेला वायू. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप ३ म्हणजे आपल्यासाठी घडतं पण दुसऱ्याच्या हातून घडतं ते सगळं: विमानप्रवास, हॉटेल, कर्मचाऱ्यांचं येणं-जाणं, लॅपटॉप, क्लाउड, बाहेरून घेतलेल्या सेवा. स्कोप ३ चे १५ प्रकार २०११ च्या मानकात वेगवेगळे सांगितले आहेत.

आमचा स्कोप १ आणि २ मिळून एकूण आकड्याचा लहानसा तुकडा निघाला. बाकी सगळा स्कोप ३, आणि त्यातही दोनच ढीग डोंगराएवढे: प्रवास आणि खरेदी. ज्या कपांवर आणि कागदावर आम्ही इतकी वर्षं पोस्टर लावत होतो, ते तक्त्यात शोधावे लागले.

प्रवासाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझं मन तिथेच अडकलं आहे. एक किलो विमान इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे रसायनशास्त्र आहे, यात वाटाघाटीला जागा नाही. पण त्यातला माझ्या वाट्याला किती येतो, हे मी कुठे बसले यावर ठरतं. लांब पल्ल्याच्या विमानात बिझनेस क्लासची सीट इतकी जागा घेते की ब्रिटिश सरकार दरवर्षी जे उत्सर्जनाचे गुणांक प्रसिद्ध करतं, त्यात तिच्या नावावर इकॉनॉमीच्या जवळपास तिप्पट उत्सर्जन धरलेलं असतं. शिवाय उंचावर विमानामागे तयार होणाऱ्या ढगांच्या रेषा आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांचाही तापमानवाढीत वाटा असतो. तो धरायचा की नाही यावर प्रत्येक अहवालाचा आकडा बदलतो. आम्ही धरला.

आम्ही सुरुवातीला सगळे करतात तेच केलं. ट्रॅव्हल डेस्ककडून 'प्रवास गरजेचा आहे का, विचार करा' असे मेल गेले. काहीही हललं नाही. मग मी एका तिमाहीची सगळी तिकिटं काढून बसले आणि प्रत्येक तिकीट मुळात कुणी ठरवलं ते शोधत मागे गेले. जवळपास प्रत्येक वेळी मी एकाच कागदापाशी पोचले: प्रपोजल, म्हणजे काम मिळवण्यासाठी क्लायंटला दिलेला प्रस्ताव. तिथे 'दर आठवड्याला दोन सल्लागार क्लायंटच्या जागेवर उपस्थित राहतील' असं एक वाक्य असतं. ते वाक्य लिहिलं त्या दिवशी पुढच्या सहा महिन्यांची तिकिटं निघालेली असतात. बरं, ते वाक्य कुणी विचार करून लिहिलेलंही नसतं. मागच्या प्रपोजलमधून उचललेलं असतं, आणि त्या मागच्यात त्याच्याही मागच्यातून.

म्हणून आम्ही प्रपोजलच्या साच्यात प्रवासाचा एक तक्ता घातला. प्रत्येक भेटीपुढे तीन रकाने: ती समोरासमोर का हवी, दोन भेटी जोडता येतील का, आणि उत्सर्जन किती किलो. खर्चावर सही करणारा पार्टनर याच तक्त्यावरही सही करतो. बस्स, एवढंच. पण पहिल्यांदा लोक बसून बोलू लागले की कुठली भेट खरी आहे. गोदामातला साठा डोळ्यांनी मोजायचा असेल तर जायलाच हवं. नव्या टीमची पहिली ओळख, अवघड बोलणी, कर्मचारी कमी करण्यासारखे नाजूक विषय, इथेही जायला हवं. साप्ताहिक आढाव्याला नको. चाळीस मिनिटांच्या सादरीकरणासाठी चार जणांनी उडून जायला तर नकोच. आणि क्लायंट नाराज होतील ही आमची भीती होती, तर बऱ्याच क्लायंटना उलट हायसं वाटलं. आम्ही आलो की त्यांचाही दिवस जातो.

तुमच्यापैकी कुणी अशा कंपन्यांत हे काम करत असेल तर लिहा. खरेदीच्या ढिगाशी कसं भिडायचं ते मला अजून नीट सुचलेलं नाही. आणि एक मोठा प्रश्न मनात आहे, तो चर्चा पुढे गेली की विचारते.

---

कोरा_कागद

प्रपोजलचा मुद्दा फार पटला. आमच्याकडेही हेच आहे, पण इतकं मागे जाऊन कुणी पाहिलं नव्हतं.

खरेदीबद्दल माझा अनुभव सांगतो. आम्ही पहिली तीन वर्षं खर्चावर आधारलेली पद्धत वापरली, म्हणजे सॉफ्टवेअरवर इतका खर्च, गुणिले त्या क्षेत्राचा सरासरी गुणांक. सुरुवातीला हीच पद्धत सोपी पडते आणि ढीग कुठे आहेत ते ती बरोबर दाखवते. पण पुढे तिने आमची दिशाभूल केली. एका पुरवठादाराने दर वाढवले, तर आमचं उत्सर्जन 'वाढलं'. दुसऱ्या एकाने स्वतःची सगळी वीज नवीकरणीय केली, थोडा महाग झाला, तर त्याचंही 'वाढलं'. म्हणजे चांगलं काम करणाऱ्या पुरवठादाराला आमच्या वहीत शिक्षा. शेवटी आम्ही मोठे वीस पुरवठादार निवडले आणि त्यांच्याकडून प्रत्यक्ष आकडे मागायला सुरुवात केली. बाकीच्यांसाठी अजून सरासरीच.

---

पानवठा

@कोरा_कागद, हे नेमकं माझ्या तक्त्यात दिसतंय, फक्त मला त्याचं कारण सापडत नव्हतं! यंदा दर वाढले आणि खरेदीचं उत्सर्जन फुगलं. पुरवठादारांनी आकडे दिले का सहज?

---

कोरा_कागद

सहज नाही. मोठ्यांकडे तयार होते, कारण त्यांना इतरही क्लायंट विचारत असतात. मध्यम आकाराच्यांनी आधी उत्तरच दिलं नाही. मग आम्ही प्रश्नावली ६० प्रश्नांवरून ५ वर आणली: वीज किती, इंधन किती, तुम्ही मोजता का, लक्ष्य आहे का, कुणाशी बोलायचं. तेव्हा उत्तरं आली. आणि करार नव्याने करायच्या वेळी विचारलं की लगेच येतात. अधेमधे विचारलेल्या मेलकडे कुणी बघत नाही.

---

झडप

मी इमारतींची वातानुकूलन यंत्रणा सांभाळतो. धाग्यात स्कोप १ एका ओळीत संपलाय, म्हणून लिहितोय.

आर-४१०ए हा एसीत सर्रास वापरला जाणारा वायू. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट तापवतो. म्हणजे एक किलो गळला की दोन टनांहून जास्त. आता तुलना करा. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३१ किलो कार्बन डायऑक्साइड. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी, रोज येऊन-जाऊन ४० किलोमीटर, वर्षाचे २२० दिवस, हे सगळं मिळून साधारण १३५५ किलो होतं. म्हणजे तुमच्या छतावरच्या यंत्रातून एक किलो वायू गळणं हे एका माणसाने दीड वर्ष एकट्याने गाडी चालवत ऑफिसला येण्याइतकं आहे. आणि ते गळणं कुणाला दिसत नाही. सर्व्हिसवाला येतो, 'गॅस कमी होता, भरला' म्हणतो, बिलावर सही होते, संपलं.

तेव्हा सर्व्हिसच्या प्रत्येक पावतीवर किती किलो वायू भरला हे लिहून घ्या. भरलेला वायू म्हणजेच गळलेला वायू, यंत्राने तो खाल्लेला नसतो. दोनदा भरावा लागला तर आधी गळती शोधा, तिसऱ्यांदा भरू नका. यंत्र बदलायची वेळ आली तर आर-३२ या वायूचा हाच आकडा ६७५ पट आहे, एक तृतीयांशाहून कमी. मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर हे जुने वायू जगभर टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेतच.

दुसरी गोष्ट, रात्री दोन वाजताचं विजेचं मीटर बघा. ऑफिसात कुणी नसताना किती वीज जातेय? मी पाहिलेल्या ऑफिसांमध्ये तो आकडा दिवसाच्या एक तृतीयांश असणं काही नवल नव्हतं. सर्व्हर रूम, कुणी बंद न केलेले एसी, मॉनिटर, वॉटर कूलर. लोकांना 'दिवे बंद करा' सांगण्याआधी हे शोधा.

---

पानवठा

@झडप, पावत्या आजच मागवते. आमची जागा भाड्याची आहे आणि एसी इमारतमालकाचा. वीजही चौरस फुटांप्रमाणे वाटून येते, त्यामुळे आम्ही वाचवलेली वीज बिलात दिसतच नाही.

---

झडप

मग आधी वेगळा मीटर मागा. तो नसेल तर तुम्ही मोजताय ती तुमची वीज नाहीच, इमारतीची सरासरी आहे. भाडेकरार संपत येईल ती वेळ साधा: वेगळा मीटर, वायू भरल्याची नोंद आणि एसी कधी चालू-बंद होणार याचा अधिकार, तिन्ही करारात लिहून घ्या.

---

सातवा_मजला

घरून कामाबद्दल एक विनंती. आमच्या कंपनीने घरून काम सुरू झाल्यावर 'उत्सर्जन इतकं घटलं' म्हणून मोठा फलक लावला. खरं म्हणजे ते ऑफिसच्या वहीतून आमच्या घरात सरकलं होतं. जीएचजी प्रोटोकॉलच्या स्कोप ३ मधल्या प्रकार ७ मध्ये येणं-जाणं मोजतात आणि घरून केलेल्या कामाची ऊर्जाही त्यात धरता येते. ती धरा. घरोघरी एकेक एसी चालतो तेव्हा हिशेब ऑफिसच्या बाजूनेही झुकू शकतो. जो बसने येतो त्याला घरी बसवून फारसं काही वाचत नाही. जो एकटा गाडीतून लांबून येतो त्याच्या बाबतीत वाचतं.

आणि ताई, एक गोष्ट मनापासून सांगते. मी नवीन आहे, दुसरंच वर्ष. क्लायंटच्या जागेवर सीनियरच्या शेजारी बसून मी जे शिकले ते स्क्रीनवर शिकले नसते. प्रवास कापताना कात्री नेहमी आमच्यावर चालते. 'पार्टनर जातील, ज्युनियर ऑनलाइन येतील.' म्हणजे बिझनेस क्लासची सीट राहते आणि इकॉनॉमीची जाते.

---

पानवठा

@सातवा_मजला, हे वाचून थांबले. आमच्या तक्त्यात 'कोण जाणार' हा रकानाच नाही. खरंच नाही. भेटींची संख्या कमी झाली, पण उरलेल्या भेटींना कोण गेलं ते मी पाहिलेलंच नाही. उद्या तेच काढते आधी.

---

जुना_चार्जर

आयटीची बाजू. लॅपटॉपच्या आयुष्यातल्या उत्सर्जनाचा मोठा भाग तो कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच झालेला असतो, त्यामुळे 'कमी वीज खाणारा नवा मॉडेल घेऊ' हा युक्तिवाद लॅपटॉपला सहसा लागू पडत नाही. दर तीन वर्षांनी बदलत असाल आणि पाच वर्षं वापरलात, तर बनवण्याचा वर्षाचा वाटा ४० टक्क्यांनी खाली येतो. बहुतेक वेळा बॅटरी आणि मेमरी बदलली की यंत्र पुन्हा धावतं. आमच्याकडे अडचण यंत्राची नव्हती, वॉरंटीच्या मुदतीची होती. तीन वर्षांची वॉरंटी म्हणून तीन वर्षांनी बदल. वॉरंटी वाढवून घेतली, प्रश्न सुटला.

टाकून द्यायच्या वेळी माहिती पुसून दुसऱ्या कुणाला वापरायला देणं हे भंगारात देण्यापेक्षा कितीतरी चांगलं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे.

व्हिडिओ मीटिंगबद्दल नेहमी विचारतात की त्यानेही वीज जातेच ना? जाते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एका विश्लेषणात तासभर व्हिडिओ स्ट्रीमिंगला सुमारे ३६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला होता. मीटिंगलाही ढोबळपणे तोच आकडा लावला तर सहा जणांची दोन तासांची मीटिंग म्हणजे अर्ध्या किलोच्याही आत. विमानाचं एक किलो इंधन ३.१६ किलो देतं हे वर लिहिलंच आहे. तेव्हा कॅमेरा बंद करायच्या मोहिमा काढू नका.

एआयचा मात्र विचार करायला हवा. त्याच संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये डेटा सेंटरांनी ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, जगाच्या साधारण दीड टक्का, आणि २०३० पर्यंत ती ९४५ च्या आसपास जाईल. सल्लागार कंपन्या आता प्रत्येक कामात ही साधनं घालत आहेत. क्लाउड पुरवठादाराकडून त्याचा वेगळा आकडा मागायला आत्ताच सुरुवात करा.

---

मोरपीस१९

वाचतेय. फार उपयोगी धागा.

---

वजाबाकी

आत्तापर्यंत कुणी ऑफसेटचं, म्हणजे आपल्या उत्सर्जनाच्या बदल्यात दुसरीकडे झालेल्या कपातीचे क्रेडिट विकत घेण्याचं, नाव काढलं नाही याचं बरं वाटलं. मी या क्षेत्रात आहे आणि माझा अनुभव असा की सेवा देणाऱ्या कंपन्यांचं उत्सर्जन तुलनेने लहान असल्यामुळे त्यांना 'कार्बन न्यूट्रल' व्हायचा मोह लवकर होतो. क्रेडिट विकत घेतले, प्रमाणपत्र आलं, लोगो लागला. विमानं तितकीच उडतात.

कंपन्यांची उत्सर्जन-कपातीची लक्ष्यं तपासणाऱ्या सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्हने ऑक्टोबर २०२१ मध्ये नेट-झिरोचं मानक आणलं. त्यात बहुतेक क्षेत्रांना स्वतःचं उत्सर्जन किमान ९० टक्के कमी करायचं आहे, २०५० पर्यंत. उरलेल्या थोड्या भागासाठीच हवेतून कार्बन काढून घेणाऱ्या उपायांचा आधार घेता येतो. आधी वजाबाकी, मग भरपाई. क्रेडिट घ्यायचेच असतील तर जरूर घ्या, जंगलांना पैसा जायला हवाच. पण ते वेगळ्या पानावर लिहा, आपल्या आकड्यातून वजा करू नका.

विजेचंही तसंच. जीएचजी प्रोटोकॉलच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे, जिथे नवीकरणीय विजेची प्रमाणपत्रं विकत घेता येतात तिथल्या स्कोप २ चे दोन आकडे द्यायचे असतात. एक आपण ज्या ग्रिडवर आहोत त्याच्या सरासरीचा, दुसरा आपण घेतलेल्या कराराचा किंवा प्रमाणपत्रांचा. बरेच जण दुसरा ठळक छापतात आणि पहिला तळटीपेत. दोन्ही शेजारी शेजारी छापा.

आयएसओ १४००१ बद्दलही गैरसमज आहे. ती व्यवस्थापनाची पद्धत आहे. कंपनी आपले परिणाम ओळखते, उद्दिष्टं ठरवते, तपासते, इतकंच ती सांगते. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे उत्सर्जन कमी आहे असं नव्हे.

---

ओंजळभर

थोडा वेगळा सूर लावतो. कप आणि कागद तक्त्यात शोधावे लागले हे खरं असेल, पण म्हणून ते सोडून देऊ नका. आमच्याकडे कचरा वेगळा करायला लागल्यापासून लोक विचारू लागले की बाकीचं काय. प्रपोजलमधला तक्ता फक्त पार्टनर बघतो. कप रोज सगळे बघतात. ज्याला रोजच्या हातातल्या वस्तूची काळजी वाटत नाही त्याला न दिसणाऱ्या वायूची कशी वाटेल?

---

पानवठा

@ओंजळभर, मान्य. मी कप सोडलेले नाहीत. माझी तक्रार इतकीच की कपांची पोस्टरं लावली की काम झाल्यासारखं वाटायचं आणि पुढचा प्रश्न कुणी विचारायचंच नाही. तुमच्याकडे उलट झालं हे वाचून बरं वाटलं.

आता तो मोठा प्रश्न. आमचं ऑफिस, आमची विमानं, आमचे लॅपटॉप, हे सगळं शून्यावर आणलं, आणि आमच्याच सल्ल्याने एखाद्या क्लायंटने कोळशाची नवी भट्टी उभी केली, तर? तो सल्ला कुठल्याच स्कोपमध्ये येत नाही. मी तपासलं. आमच्या वहीत फक्त त्या सल्ल्यासाठी केलेला प्रवास आहे.

---

तुळई

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे आणि आमच्या पेशात हा प्रश्न सगळ्यात उघडा पडतो. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. मी एका इमारतीच्या स्लॅबची जाडी गरजेपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त ठेवली, केवळ जुना नकाशा तसाच वापरला म्हणून, तर त्या जादा काँक्रीटसाठी जितका कार्बन हवेत गेला तितका आमचं अख्खं ऑफिस वीज बंद ठेवूनही परत मिळवणार नाही. आणि तो आमच्या अहवालात येत नाही, सिमेंट कंपनीच्या येतो.

आम्ही एक नियम केला. प्रत्येक डिझाइनच्या पहिल्या बैठकीत 'हे बांधायलाच हवं का, जुनं वापरता येईल का' हा प्रश्न लेखी उत्तरासकट नोंदवायचा. नंतर प्रति चौरस मीटर साहित्यातला कार्बन काढायचा आणि क्लायंटला पर्याय दाखवायचे. निर्णय त्याचा. पण त्याला माहीत नव्हतं असं नंतर होता कामा नये.

---

मसुदा

मी वकील. आमच्याकडे यालाच 'ॲडव्हाइज्ड एमिशन्स' म्हणतात, सल्ल्यातून होणारं उत्सर्जन. इंग्लंड आणि वेल्सच्या लॉ सोसायटीने एप्रिल २०२३ मध्ये हवामानबदलाविषयी जे मार्गदर्शन काढलं त्यात ही कल्पना आली आहे. वाद मोठा आहे. एक बाजू म्हणते की प्रत्येकाला वकील मिळाला पाहिजे, अशिलाच्या कामाचा दोष वकिलावर कसा? मला ही बाजू कोर्टातल्या बचावाला पटते. नव्या खाणीच्या अर्थपुरवठ्याचे करार लिहिताना ती पुरेशी वाटत नाही. ते काम आम्ही निवडलेलं असतं.

काम नाकारणं हा एकच मार्ग नाही, हेही सांगते. 'चॅन्सरी लेन प्रोजेक्ट' नावाचा उपक्रम २०१९ पासून वकिलांकडून हवामानविषयक कलमांचे मसुदे तयार करून सगळ्यांसाठी खुले ठेवतो. पुरवठादाराने उत्सर्जनाचे आकडे द्यावेत, भाडेकरूला ऊर्जेची माहिती मिळावी, अशी कलमं. आम्ही आमच्या नेहमीच्या करारांच्या साच्यात अशी काही कलमं आधीच घालून ठेवतो. समोरच्याला नको असेल तर त्याने काढायला सांगावं. बरेच जण काढायला सांगत नाहीत. पानवठांनी प्रपोजलबद्दल जे लिहिलं तेच हे, साच्यात जे असतं ते पुढे चालत राहतं.

---

कोरा_कागद

मसुदा, ती पुरवठादाराची कलमं मला हवीच होती. माझी ५ प्रश्नांची प्रश्नावली सरळ करारातच जाईल म्हणजे. धन्यवाद.

---

पानवठा

तुळई, मसुदा, दोघांचे आभार. मी ही चर्चा आमच्या दोन पार्टनरना वाचायला दिली. एकाचं म्हणणं, आपल्या अहवालात नसलेल्या गोष्टीची जबाबदारी आपण ओढवून घेऊ नये. दुसरी व्यक्ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली की नवं काम स्वीकारण्याच्या फॉर्मवर आपण हितसंबंधांचा प्रश्न विचारतो, पैशांच्या स्रोताचा विचारतो, तिथे हा एक प्रश्न का नसावा. म्हणून आता मी त्या फॉर्मसाठी एक ओळ लिहितेय: 'या कामातून क्लायंटच्या उत्सर्जनावर काय परिणाम होईल, आणि तो आपण त्यांना सांगितला आहे का?' ही ओळ मंजूर होईलच असं नाही. पुढच्या महिन्याच्या बैठकीत ती मांडणार आहे.

आणि @सातवा_मजला, तुमच्यासाठी. गेल्या तिमाहीतल्या भेटी काढल्या. तुम्ही म्हणालात तसंच आहे, कमी झालेली तिकिटं जवळपास सगळी ज्युनियरची. तक्त्यात चौथा रकाना आला आहे, 'कोण जाणार आणि कोण शिकणार'. लांब पल्ल्याला बिझनेस क्लास घ्यायचा असेल तर कारण लिहून वेगळी सही लागेल, पार्टनर असले तरी. यावर पहिल्याच दिवशी तीन फोन आले. रकाना काढलेला नाही.

---

सातवा_मजला

ताई, मनापासून धन्यवाद. हा तक्ता माझ्या सीनियरना दाखवला तर चालेल का?

---

पानवठा

जरूर दाखवा. रिकामा साचा उद्या इथेच प्रतिसादात टाकते.